शेक टेबल, नोंद 4 : तीन मजली सांगाडा, ओळंबा आणि एरंडेल

शेक टेबल म्हणजे भूकंपासारखं आडवं हलणारं टेबल. त्याचं काम मागच्या नोंदीत संपलं. आता त्यावर इमारतीचा छोटा सांगाडा उभा आहे. एकदा कायमचा वाकून झाला, पट्ट्या बदलल्या, आणि आता डॅम्परसकट (झोका शोषून घेणाऱ्या लोलकासकट) चाललाय.

स्लॅब तीन, 12 मिमी प्लायवूडचे, 300 × 150 मिमी. चार कोपऱ्यांना 20 मिमी रुंद आणि 0.8 मिमी जाड स्टीलच्या अखंड पट्ट्या. दोन स्लॅबमध्ये मोकळी उंची 200 मिमी. पट्ट्या उद्यमनगरात शिअरवर (पत्रा कापायच्या मशीनवर) कापून घ्या. हातकात्रीनं कापल्या की कडा लाटा मारतात आणि चौघींचा ताठपणा सारखा राहत नाही. वजनं चिकटवून प्रत्येक स्लॅब बरोबर 1 किलोचा केला.

पट्टी नुसत्या वॉशरवर आवळू नये. बाहेरून 3 मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी तुकडा ठेवून दोन बोल्टनी दाबायची, नाहीतर पट्टी वॉशरच्या कडेशी किंचित फिरते आणि सगळी मापं दर चाचणीला बदलतात.

चार पट्ट्यांचा मिळून ताठपणा मजल्यामागे मिलिमीटरला 1.02 न्यूटन. त्यावरून पहिली, म्हणजे सगळ्यात संथ झोक्याची वारंवारता 2.27 हर्ट्झ यायला हवी. मोजली तर 2.05. एवढी तफावत बघून बोल्टांवर संशय घेऊ नका. तळमजल्याच्या पट्ट्यांवर 3 किलो उभे आहेत. मजला बाजूला सरकला की तेच वजन त्याला त्याच दिशेला आणखी ढकलतं, आणि 1.02 मधले 0.18 न्यूटन तिथंच खर्ची पडतात. प्रत्येक मजल्याला हा हिशेब लावला की 2.1 येतं. उरलेलं मात्र बोल्टांचं.

मोजायला मोबाइलवर फायफॉक्स (मोबाइलच्या सेन्सरनं हालचाल मोजणारं ॲप) पुरेसं आहे, पण 200 ग्रॅमचा मोबाइल गच्चीवर ठेवला की वारंवारता सुमारे 5 टक्के उतरते. त्याचं वजन त्या 1 किलोतच बसवायचं.

मोटर: गाडीच्या वायपरची मोटर स्वस्त मिळते, पण ती मिनिटाला 60-65 फेऱ्यांवर थांबते, म्हणजे जेमतेम 1 हर्ट्झ. इथं 12 व्होल्टची 300 फेऱ्यांची गिअर मोटर लागते. मोटरच्या फिरण्यानं टेबल मागेपुढे हलवणारा क्रँक 3 मिमीचा ठेवला आणि वेग 2 हर्ट्झला पोचला तेव्हा पट्ट्या तळाच्या क्लॅम्पजवळ वाकल्या त्या वाकल्याच. नवा क्रँक 1 मिमीचा. तेवढ्यावरसुद्धा गच्ची 45 मिमी झुलते.

आता डॅम्पर. गवंड्याचा छोटा पितळी ओळंबा घासून 74 ग्रॅमचा केला. पहिल्या वारंवारतेच्या झोक्यात इमारतीचं जेवढं वजन खरोखर भाग घेतं (इथं 1.84 किलो), त्याचे हे 4 टक्के. लोलक इमारतीपेक्षा थोडा मंद हवा: 1.97 हर्ट्झ, म्हणजे लांबी 64 मिमी. ही लांबी ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची, कडीपर्यंत नव्हे. इथंच बहुतेकांचं चुकतं. दोरी एक नको, इंग्रजी व्ही आकारात दोन हव्यात; एका दोरीवर ओळंबा गोल फिरायला लागतो.

ओळंबा कोरडाच टांगला तर मजा बघा. गच्ची ओढून सोडली की सव्वा सेकंदात इमारत जवळपास थांबते, ओळंबा पिसाटल्यासारखा झुलतो, आणि अडीच सेकंदांना सगळी ऊर्जा परत इमारतीत. नुसता हिसका इकडून तिकडे. ऊर्जा खाणारं काहीतरी लागतं, ते म्हणजे एरंडेल. ओळंब्याखाली पातळ ॲल्युमिनियमचं 20 × 25 मिमीचं पातं, ते तेलाच्या पेल्यात बुडवलेलं. इमारत हातानं घट्ट धरून ओळंबा सोडायचा. दर झोक्याला तो निम्मा झाला की पात्याची खोली जमली. थंडीच्या सकाळी तेल घट्ट होतं, दुपारी जमवलेली खोली तेव्हा चालत नाही.

निकाल: क्रँक 1 मिमी, गच्ची 45 वरून 9 मिमीवर. तैवानच्या तैपेई 101 या गगनचुंबी इमारतीत हेच आहे, फक्त गोळा 660 टनांचा, 87 ते 92 मजल्यांच्या दरम्यान टांगलेला, आणि एरंडेलाच्या जागी हायड्रॉलिक डॅम्पर. गच्चीवरची पाण्याची टाकी हे काम करेल का, असं नेहमी विचारलं जातं. काठोकाठ भरलेली टाकी झुलत नाही. ते नुसतं डोक्यावरचं ओझं.

मग टेबल मोटरवरून सोडवून हातानं एकदाच 10 मिमी हिसकलं. पहिला झोका डॅम्परशिवाय 12 मिमी, डॅम्परसकट 11. ओळंब्याला वेग घ्यायला दोन-तीन झोके लागतात. वारा तेवढी सवड देतो, हिसका देत नाही. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला जोराचे हादरे काही सेकंदांतच आटोपले होते. तशा भूकंपात खांब-बीमची बळकटी आणि लवचीकताच कामी येते.

पुढच्या नोंदीत पार्किंगचा तळमजला. तळाची उंची 280 मिमी केली की ताठपणा 36 टक्क्यांवर येतो, आणि वरच्या वजनापायी त्यातलाही तिसरा हिस्सा जातो. म्हणून मजला 40 मिमीपेक्षा जास्त सरकू नये यासाठी आधी दोन्ही बाजूंना लाकडी अडसर लावणार. पट्ट्यांचा जादा जोड कापून ठेवलाय.