बेनिनच्या फलकांवरील छिद्रे

“बरे झाले हे इथे आले, तिकडे असते तर कधीच नष्ट झाले असते.” लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आजच्या नायजेरियातील जुन्या बेनिन राज्याच्या पितळी फलकांसमोर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाला सांगितलेले हे वाक्य दिवसभर मनाला टोचत राहिले आहे.

त्या फलकांच्या कडांना बारीक छिद्रे आहेत. ती खिळ्यांची आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकात घडवलेले हे फलक बेनिनच्या एडो लोकांच्या ओबाच्या, म्हणजे राजाच्या, वाड्यातील खांबांवर ठोकलेले असत. दरबारी, योद्धे आणि पितळेची कडी घेऊन आलेले पोर्तुगीज व्यापारीही त्यांवर उठावात घडवलेले दिसतात. पुढे ते खांबांवरून उतरवले गेले, पण फेकले गेले नाहीत. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौज आली तेव्हा ते वाड्याच्याच एका कोठारात होते. शहर जळाले, ओबा ओव्होनरामवेन यांना कलाबार शहरात हद्दपार केले गेले आणि हा ठेवा युरोपभर विकला गेला.

मग जपले कोणी, आणि नष्ट कोणी केले?

नायजेरियातील बेनिन शहराच्या इगुन रस्त्यावर ओतारी कारागीर आजही मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून पितळ ओततात. जर्मनीने २०२२ मध्ये आपल्याकडील बेनिनच्या वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवण्याचा करार केला. ब्रिटिश म्युझियमचे हात मात्र, संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यावर बंधने घालणाऱ्या १९६३ च्या कायद्याने बांधलेले आहेत असे सांगितले जाते. पण जो कायदा संसदेने केला, तो संसदेला बदलता येत नाही का?