सिंधूचं पद

पार्ल्यात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. पडदा उघडायला दोन तास असताना आयोजक यादी घेऊन आले. "मध्यंतरानंतर 'कशि या त्यजू पदाला' घ्या, खास फर्माईश आहे." पद गळ्यावर होतं. गुरुजींनी तीन महिने घोटून घेतलं होतं. तरी बारा वर्षांत मी ते रंगमंचावर एकदाही गायले नव्हते.

'एकच प्याला'तलं हे सिंधूचं पद. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले, नाटक पुढच्याच महिन्यात रंगभूमीवर आलं. पदं वि. सी. गुर्जरांची आणि सिंधू बालगंधर्वांची. दारूत बुडालेल्या नवऱ्याला, सुधाकराला, सोडून माहेरी चल म्हणून भाऊ न्यायला येतो, तेव्हा ती विचारते, हे पाय मी कसे सोडू?

मला हे पटत नाही. गाताना पोटात कालवतं. माझी मावशी लालबागच्या चाळीत अशाच माणसाबरोबर एकवीस वर्षं राहिली. तिच्या उजव्या मनगटाचं हाड कधी नीट जुळलंच नाही, पोळी लाटताना हात अजून तिरका पडतो. चाळीतल्या बायका तिला सिंधू म्हणायच्या, तेही कौतुकाने. आम्ही दिवाळीला फराळाचा डबा देऊन यायचो. त्या संध्याकाळी ती तिसऱ्या रांगेत बसणार होती, पास मीच दिला होता.

ऑर्गनवाल्या काकांना म्हटलं, "काका, हे नको." ते म्हणाले, "अगं, खलनायकाचं काम करणारा नट घरी जाऊन खून करतो का?" मला हे पुरेसं वाटत नाही. नटाच्या अंगावर वेश असतो, त्याला उत्तर द्यायला समोर दुसरं पात्र असतं. मैफलीत पद एकटं येतं. नाटकात पुढे सुधाकराच्या हातून मूल जातं, सिंधूही जाते. मैफलीत ते सगळं गळून पडतं आणि उरतो नुसता गोडवा. चाल इतकी आर्जवी आहे की ऐकणाऱ्याला तिचं राहणंच योग्य वाटू लागतं. माझी भीती तीच होती.

त्यात निवेदक म्हणाले, "आजच्या मुलींनी ऐकावं असं पद." माझे कान तापले. तानपुरा सुरू होता. मी माईक जवळ घेतला आणि म्हटलं, "सिंधू हे म्हणते तेव्हा भाऊ दारात उभा आहे. ती गेली नाही. पुढे तिचं मूल मेलं, तीही मेली. एवढं लक्षात ठेवून ऐका." सभागृहात कुणीतरी खोकलं.

मग गायले. आधी वाटलं होतं, जरा कोरडंच गावं, म्हणजे माझी बाजू माझ्यापाशी राहील. पण पहिल्या ओळीलाच कळलं, तसं केलं तर मी त्या बाईशीच खोटं वागेन. तिला ते मनापासून वाटतं. बालगंधर्वांच्या गायकीत ओळ पुन्हा पुन्हा येते, दर खेपेला नव्या आर्जवाने. तिसऱ्या खेपेला 'त्यजू'वर आवाज टेकवला आणि तिथे विनवणीऐवजी भीती ऐकू आली. मी ती मुद्दाम घातली नव्हती, सुरातच होती. इतकी वर्षं मी फक्त शब्दांशी भांडत होते. काकांनी ऑर्गन एकदम हलका केला. तिसऱ्या रांगेकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

नंतर एक वयस्कर गृहस्थ आत आले. "गाणं उत्तम झालं, पण आधीचं भाषण नको होतं." मी म्हटलं, "पुढच्या वेळीही बोलणार, काका." ते नाराज होऊन गेले. त्यांचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

मावशी स्लो लोकलमध्ये गप्प होती. वांद्रे गेलं, माहीम गेलं.

"चिडलीस का गं माझ्यावर?"

"नाही गं. छान गायलीस." थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिला न्यायला भाऊ आला तरी होता."

मला काही बोलता आलं नाही. दादर आलं. उठताना तिने उजव्या हाताने दांडा धरला, मग सोडून डाव्या हाताने धरला, आणि आम्ही उतरलो.