पाकिटातली खसखस

आज दुपारभर अनारसे. पीठ सैल झालं होतं, पहिले तीन तुपात हसले. आईने कोरडी पिठी घालून सावरून घेतलं आणि मला थापायला बसवलं. खसखस सगळीकडे. बोटांना, पोळपाटाला, फोनच्या काचेला. मला एकदम हसू आलं, कारण गेले आठ दिवस रात्री ज्या माणसाबद्दल वाचतेय, त्याने इंग्रज सरकारची चोरी खसखशीनेच पकडली होती.

जोसेफ मॅझिनी. तुकड्यातुकड्यांची इटली जोडून तिचं प्रजासत्ताक करायला आयुष्य घालवलेला क्रांतिकारक. आमच्या आजोबांच्या तोंडी हे नाव असायचं, तेही सावरकरांमुळे. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, १९०७ साली तो छापला गेला, सरकारने जप्त केला, आणि प्रस्तावना पोरांनी पाठ करून टाकली. त्यामुळे माझ्या डोक्यातला मॅझिनी म्हणजे नुसती आग. प्रत्यक्षात वाचायला घेतला तर निघाला भाड्याच्या खोलीत राहणारा, कायम काळे कपडे घालणारा (देशाचं सुतक म्हणून!), चिरूट ओढणारा आणि गिटार वाजवणारा माणूस. खोलीत पक्षी मोकळे उडत असायचे. पक्ष्यांचं वेड बहुधा इटलीतल्या सव्होनाच्या किल्ल्यातलं. १८३० साली त्याला तिथे कोंडलं होतं. कोठडीतून फक्त समुद्र आणि आकाश दिसे, आणि एक छोटा पक्षी त्याच्याकडे यायचा. वडील जिनोव्हातले डॉक्टर. मुलाने केलंय काय, असं त्यांनी विचारलं, तर उत्तर असं मिळालं की हुशार तरुण एकटेच विचार करत फिरतात आणि तो विचार कसला ते कळत नाही, हे सरकारला आवडत नाही. हे वाचून मी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसले.

तर खसखस. १८३७ पासून तो लंडनमध्ये, इतका कफल्लक की अंगावरचा कोट आणि बूटसुद्धा गहाण पडायचे. १८४४ मध्ये त्याला शंका आली की आपली पत्रं कुणीतरी फोडतंय. मग त्याने मित्रांना पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस घालून पाठवायला सांगितलं. पाकीट आलं की आतून सगळं गायब. प्रकरण थेट पार्लमेंटात गेलं, गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांची पार शोभा झाली, आणि मॅझिनीची बाजू घेऊन कार्लाइल या लेखकाने टाइम्स वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. मी हे सगळं रंगून सांगितलं, तर आईचं म्हणणं, "खसखस पत्रात घालायची? महाग नव्हती वाटतं तिकडे!"

त्याचं मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र राजकारणातलं नाही. लंडनच्या रस्त्यांवर पेटी वाजवून भीक मागणारी इटालियन पोरं होती. गावाकडून मुकादमांनी आणलेली, पैसे कमी पडले की मार खाणारी. हॅटन गार्डनमध्ये १८४१ साली त्याने त्यांच्यासाठी फुकट रात्रशाळा काढली. स्वतःचा कोट गहाण, आणि शाळा फुकट.

पण रागही येतो. त्याच्या 'तरुण इटली' संघटनेतला याकोपो रुफिनी, लहानपणापासूनचा मित्र. १८३३ मध्ये तुरुंगात कुणाचं नाव तोंडून निघू नये म्हणून त्याने जीव दिला. मॅझिनी तेव्हा देशाबाहेर होता. पुढच्याच वर्षी सार्डिनियाच्या राजाच्या सॅव्हॉय प्रांतावरची त्याची स्वारी फसली, १८५३ मध्ये मिलानचा उठाव फसला, माणसं फासावर गेली, आणि हा पुन्हा पुढच्या उठावाच्या तयारीला. हाताशी काय आहे हे न बघता पोरांना पुढे करणं मला पचत नाही, मग हेतू कितीही स्वच्छ असो.

राज्य हातात आलं ते एकदाच. १८४९, रोमचं प्रजासत्ताक, तिघा प्रमुखांपैकी एक हा. देहदंड रद्द करणारी राज्यघटना तिथे झाली. रोमवर राज्य करणारा पोप पळाला होता, त्याला परत आणायला फ्रेंच फौज आली आणि जुलैत सगळं संपलं.

इटली एक झाली १८६१ मध्ये, पण राजाची. ज्याने आयुष्यभर एकीचा धोशा लावला, त्याच्यावरची उठावांबद्दलची जुनी देहांताची शिक्षा त्या राज्यातही कायम होती. १८६६ मध्ये मेसिनाच्या मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं, संसदेने निवड रद्द केली. शेवटी ती मान्य झाली तेव्हा त्यानेच जागा नाकारली, कारण राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली असती. आई म्हणाली, "घ्यायची शपथ, आत जाऊन भांडायचं." माझं निम्मं मन आईच्या बाजूने आहे. पण मग हा मॅझिनी राहिला नसता, गावोगावी असतात तसा एक आमदार झाला असता.

१० मार्च १८७२ ला तो पिसामध्ये गेला. ओळखीच्यांच्या घरी, ब्राऊन या खोट्या नावाने राहत होता. एक झालेल्या इटलीत.

अनारसे शेवटी चाळीस झाले. डब्यात कागद घालायचा राहिलाय.