मॅम, हे परीक्षेला आहे का?

वर्गात हा प्रश्न आला की आमच्यातले बरेच जण वैतागतात. "मुलांना शिकायचंच नसतं," हे स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य. आणि त्याच स्टाफरूममध्ये कुणी नवा विषय सुरू करूया म्हटलं, की पहिला सवाल येतो, "अप्रेझलला याचे पॉइंट किती?" मुलं निदान तोंडावर विचारतात.

मी संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा मोजण्याशी माझं भांडण नाही. पण मोजमाप कशाचं आहे हे माणसाला लगेच कळतं आणि तो तेवढंच करू लागतो. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये संशोधकाचं काम मोजायला एच-इंडेक्स सुचवला: इतरांच्या लेखनात किमान दहा-दहा वेळा उद्धृत झालेले संशोधनाचे दहा पेपर असतील, तर इंडेक्स दहा. सुटसुटीत आकडा. मग एका कामाचे तीन तुकडे करून तीन पेपर काढायचे, त्यात आपलेच जुने पेपर उद्धृत करायचे, हे ओघानं आलंच. माणसं लबाड नसतात हो, बढतीची फाइलच तशी मागते.

मुलं शिक्षकांबद्दल भरतात त्या फीडबॅक फॉर्मची गोष्ट तर आणखी मजेशीर. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत कुठला विद्यार्थी कुणाच्या वर्गात हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीनं ठरतं आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तिथली आकडेवारी तपासून २०१० मध्ये पेपर लिहिला. ज्या शिक्षकांच्या मुलांना त्या सत्रात जास्त गुण पडले, त्यांना फीडबॅकही चांगला मिळाला. पुढच्या वरच्या विषयांत मात्र तीच मुलं मागे पडली. अनुभवी शिक्षकांचं नेमकं उलटं. म्हणजे पाया पक्का करणाऱ्याच्या वाट्याला नाराजी आणि त्याचं फळ दिसणार दुसऱ्याच्या वर्गात! फॉर्म मात्र सत्र संपतानाच भरून घेतात.

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग मला जास्त उपयोगी पडला. काहींना नुसते गुण, काहींना नुसते शेरे, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांचं काम सुधारलं, गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांची गत साधारण गुणवाल्यांसारखीच. आकडा दिसला की खालचं कोण वाचतंय?

म्हणून मी असाइनमेंटवर आधी फक्त शेरे देते, गुण पुढच्या आठवड्यात. "सरासरी का घेतलीस? दोन आकडे टोकाचे आहेत, आधी आलेख काढून बघ," असं काहीतरी. वेळ फार जातो, आणि अप्रेझलच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. काही मुलं कुरकुरतात, "किती पडले तेवढं सांगा ना." एकानं तर सगळ्यांच्या शेऱ्यांच्या ओळी मोजून गुणांशी ताडून पाहिल्या. "शेरा लांब तितके गुण कमी. सहसंबंध ऋण आहे मॅम, पण भक्कम आहे." नमुना लहान आहे म्हणून मी त्याला परत पाठवलंय. आता शेजारच्या तुकडीच्या वह्या मागत फिरतोय.