आधी फाइल, मग गाडी: जुनी मर्सिडीज घेण्याचा माझा अनुभव

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातली सेडान तिच्यासाठी निरुपयोगी झाली. खाली वाकून बसायचं, उतरताना पुन्हा गुडघ्यांवर जोर द्यायचा, हे तिला जमेना. पुणे-कऱ्हाड फेरी मात्र चुकत नव्हती, कारण शेती तिकडे, डॉक्टर इकडे. कंबरेच्या उंचीवर सीट असलेली, खड्ड्यात हिसका न देणारी आणि हायवेला स्थिर राहणारी गाडी हवी होती.

नातेवाइकांनी एकमुखाने फॉर्च्युनर सुचवली. ती दणकट आहे आणि विकताना किंमतही चांगली येते, हे खरंच. पण ती शिडीसारख्या चौकटीवर बांधलेली गाडी, आत चढायला पायरी लागते आणि मागच्या सीटवर उसळी जाणवते. आईला एकदा बसवून पाहिलं आणि तो विषय तिथेच मिटला. मग उरल्या साधारण पावणेपाच मीटरच्या आतल्या लक्झरी एसयूव्ही: बीएमडब्ल्यूची एक्स३, ऑडीची क्यू५, मर्सिडीजची जीएलसी आणि व्होल्वोची एक्ससी६०. यातली जीएलसी आपल्या चाकणला जोडली जाते आणि क्यू५ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, याचं मला उगाचच कौतुक वाटलं.

मी करसल्लागार आहे, त्यामुळे पहिल्यांदा हिशेब मांडला तो नव्या गाडीचा. ही २०२४ची गोष्ट. नव्या पिढीची जीएलसी ऑगस्ट २०२३मध्ये आली तेव्हा २२०डी या डिझेल मॉडेलची एक्स-शोरूम किंमत ७४.५ लाख होती. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १५ टक्के रोड टॅक्स लागतो, पेट्रोलला १३. म्हणजे नुसता टॅक्सच अकरा लाखांच्या वर. कंपनीच्या नावावर घेतली तर तो २० टक्के. त्यावर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेता आगाऊ वसूल करतो तो प्राप्तिकर, जो रिटर्नमध्ये परत वळता होतो खरा, पण त्या दिवशी खिशातून जातोच. मग विमा. बेरीज नव्वदीच्या घरात पोचली. आमच्या ऐपतीत ती बसत नव्हती, आणि ऐपत ताणून घ्यावी अशी वस्तू गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या गाड्यांचं चित्र वेगळं होतं. याच जीएलसीचं आधीचं मॉडेल, डिसेंबर २०१९मध्ये सुधारून आलेलं, १९४ अश्वशक्तीचं दोन लिटर डिझेल इंजिन आणि नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नवी होती तेव्हा ५७.७५ लाख एक्स-शोरूम. चार वर्षांनी ती नव्या जीएलसीच्या ऑन-रोड किमतीच्या निम्म्यात मिळत होती. आकडा ऐकून कुणालाही मोह होईल. पण घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं, ते मी पुढे प्रत्येक गाडी बघताना मनात धरून ठेवलं. ते म्हणाले, “ताई, गाडीची किंमत निम्मी झाली. हेडलाइटची नाही झाली. सस्पेन्शनची नाही झाली. पार्ट तुम्हाला पाऊण कोटीच्या गाडीच्याच भावानं घ्यायचाय.”

संपूर्ण खरेदीचा गाभा हाच आहे. साधी जुनी गाडी घेताना दोन-तीन वर्षांचा खर्च पोटात घेता येतो. इथे एखादा सेन्सर, एअर-कंडिशनचा एखादा भाग किंवा गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं, तर बिलाचा आकडा लाखात जाऊ शकतो. म्हणून किंमत किती कमी करून मिळते यापेक्षा आधीच्या मालकाने तिच्यावर वेळेत खर्च केला होता का, हे मी आधी बघायचं ठरवलं. सर्व्हिसची संपूर्ण फाइल हातात आल्याशिवाय टेस्ट ड्राइव्हलाही जायचं नाही, असा नियमच केला.

या नियमाने कितीतरी गाड्या फोनवरच गळाल्या. “सगळं शोरूम मेंटेन्ड आहे मॅडम,” असं प्रत्येक जण म्हणतो. चेसिस नंबर आणि सर्व्हिस हिस्ट्री मागितली की आवाज बदलतो. एका विक्रेत्याकडे एक देखणी पांढरी एसयूव्ही होती, मीटरवर अडतीस हजार किलोमीटर. स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत झालेलं आणि ब्रेक पेडलचं रबर झिजलेलं पाहून काकांनी नुसती मान हलवली. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडचं रेकॉर्ड मालकाच्या संमतीने काढलं, तर दीड वर्षापूर्वीच ती एकसष्ट हजारांवर सर्व्हिसला गेल्याची नोंद होती. आम्ही उठून आलो. मीटर मागे फिरवणं ही फसवणूकच आहे, आणि ती इतक्या सहजपणे समोर ठेवली जाते याचा मला अजूनही संताप येतो.

दिल्लीच्या गाड्यांबद्दलही लिहायला हवं, कारण जाहिरातींमध्ये सगळ्यात स्वस्त त्याच दिसायच्या. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निर्णय, यांमुळे राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. त्यामुळे तेव्हा तिथे डिझेलचा भाव आपल्यापेक्षा लवकर घसरायचा आणि गाड्या बाहेरच्या राज्यांत जायच्या. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तिथला उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण तो मागायला कुणीतरी तिथे खेटे घालावे लागतात. हे सगळं धरून बेरीज केली तेव्हा वाचणारे पैसे फारसे उरत नव्हते. शिवाय गाडी बघायला काकांना दिल्लीला कोण नेणार? आम्ही एमएच पासिंगच बघायचं ठरवलं.

मॉडेल निवडताना डिझेल की पेट्रोल हा प्रश्नही आपोआप सुटला. ऑडीने प्रदूषणाचे बीएस६ निकष आल्यावर डिझेल बंद केलं, त्यामुळे नंतरची क्यू५ पेट्रोलचीच. आमचं बहुतांश चालवणं हायवेचं, म्हणून डिझेल परवडतं. ज्यांचं चालवणं कोथरूड ते शिवाजीनगर एवढंच आहे, त्यांनी मात्र कृपा करून आधुनिक डिझेलच्या वाटेला जाऊ नये. धुरातली काजळी अडवणारा जो फिल्टर असतो, डीपीएफ, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. सिग्नल-ते-सिग्नल चालवली की तो चोंदतो आणि मग दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. एक्स३ आणि जीएलसी दोन्ही डिझेलमध्ये मिळत होत्या. एक्स३ चालवायला मला अधिक आवडली, हे मोकळेपणाने सांगते. आईला जीएलसीची मागची सीट आवडली आणि गाडी तिच्यासाठीच होती.

अखेर मिळाली ती पुण्यातच, एमएच-१२, २०२०ची नोंदणी, पहिल्याच मालकाच्या हातातली. मालक निवृत्त अभियंते. त्यांनी प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेवार लावून ठेवलं होतं, टायर बदलल्याची पावतीसुद्धा. ती फाइल चाळताना मला त्या गृहस्थांबद्दल आदर वाटला.

तरीही तपासणी आम्ही पूर्ण केली. काका पेंटची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आले होते. सगळ्या पॅनलवर आकडे शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, फक्त मागच्या बंपरलगतच्या डाव्या पॅनलवर जास्त, म्हणजे तिथे पुन्हा रंग दिलेला. मालकांनी विचारायच्या आधीच सांगितलं की सोसायटीच्या खांबाला घासली होती, आणि विम्याच्या दाव्याचा कागद काढून दिला. काचांवर छापलेली निर्मितीची वर्षं जुळत होती. टायरवरच्या चार अंकी कोडवरून, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, टायर कधीचे ते कळतं. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून पाहिले. सांगली-कोल्हापूरचा २०१९चा महापूर आणि चिपळूणचा २०२१चा, दोन्ही आपण पाहिलेत. पाण्यात बुडालेली गाडी वरून चकचकीत करता येते, पण सीटबेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते आणि सीटखालच्या बोल्टना गंज चढतो. इथे काहीच नव्हतं.

इंजिन आम्ही सकाळी थंड असतानाच सुरू करायला सांगितलं होतं. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघण्यात अर्थ नसतो. मग अधिकृत वर्कशॉपमध्ये फी भरून पूर्ण तपासणी करून घेतली, स्कॅनरसकट. पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलायला आलेले आणि ब्रेक पॅड संपत आलेले निघाले. त्याचं लेखी एस्टिमेट घेतलं आणि तेवढीच रक्कम किमतीतून कमी करून मागितली. मालक म्हणाले, “कागदावर आहे ना? मग ठीक आहे.” अशी घासाघीस मला पटते, दोन्ही बाजूंना मान राहतो.

अडचण होती ती कर्जाची. गाडीवर बँकेचं कर्ज शिल्लक होतं, म्हणजे आरसीवर एचपी, गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, चढलेली. बँक एनओसी देणार कर्ज फिटल्यावर, मालक कर्ज फेडणार माझे पैसे आल्यावर. इथे बरेच व्यवहार बिघडतात. आम्ही बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचं ते सांगणारं पत्र, मागवलं, त्यातली रक्कम मी थेट त्यांच्या कर्जखात्यात भरली आणि उरलेली रक्कम एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची एचपी उतरवायचा) हातात आल्यावर मालकांच्या खात्यात आरटीजीएसने. तसा करार स्टॅम्प पेपरवर केला, त्यात चेसिस आणि इंजिन नंबर, दोन्ही हप्ते आणि एनओसी न मिळाल्यास काय, हे लिहिलं. रोख एक रुपया दिला नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. हे माहीत नसलेले विक्रेते अजून “थोडं कॅश करा” म्हणतात.

ताबा घेताना दोघांनी सह्या करून तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली डिलिव्हरी नोट केली. त्या मिनिटाआधीची चलनं त्यांची, नंतरची माझी. जुनी ई-चलनं त्यांनी माझ्यासमोरच भरली. विकणाऱ्यांनीही नाव बदलून होईपर्यंत पाठपुरावा करावा. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

आरटीओचं काम अपेक्षेपेक्षा सरळ झालं. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज आणि फी, मग फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३०, फॉर्म ३५, बँकेची एनओसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पेन्सिलने घासून काढलेला चेसिस नंबरचा ठसा. संगम पुलाजवळच्या कार्यालयात कागद दिले. एजंट लावला नाही, गरज पडली नाही. सही मात्र आरसीच्या वेळी केलेल्या सहीशी जुळायला हवी, एवढं विकणाऱ्याकडून तपासून घ्यावं.

विम्याकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून थोडं सविस्तर. गाडी हस्तांतरित झाल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण नाव बदलेपर्यंत गृहीत धरता येत नाही. आणि नो-क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. मालकांचा बोनस त्यांच्याकडेच राहिला आणि तो फरक मला भरावा लागला. पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून इंजिन प्रोटेक्शन घेतलं.

पहिल्या महिन्यात बुश, ब्रेक पॅड, सगळी तेलं आणि फिल्टर बदलून घेतले. गाडीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम मी सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात टाकली होती, त्यातूनच हा खर्च केला. वर्षभरात बॅटरीही त्यातूनच आली. अ‍ॅडब्लू, म्हणजे डिझेलच्या धुरातले घातक वायू कमी करणारं द्रावण, मी स्वतःच भरते.

आता घेणाऱ्यांसाठी गणित थोडं बदललंय. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हींवरचा २८ टक्के जीएसटी अधिक २२ टक्के सेस जाऊन सरसकट ४० टक्के आला. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या, म्हणून जुन्यांचा भाव जुन्याच एक्स-शोरूमशी तोलून सांगणाऱ्याला थांबवायचं आणि आजच्या नव्या किमतीवरून बोलायला लावायचं. मामेभाऊ सध्या एक्स३ बघतोय. त्याला मी आधी फाइल मागवायला लावली आहे, आणि काकांची रविवारची सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवली आहे.