बर्कली पिटचे पाणी आणि नदीकाठचे मोरचूद

अमेरिकेतील मोंटाना राज्यात, ब्यूट शहराला लागून असलेली बर्कली पिट ही तांब्याची उघडी खाण १९५५ साली सुरू झाली आणि १९८२ साली बंद पडली. त्याच वर्षी तेथील भुयारांतले पाणी उपसणारे पंपही थांबवण्यात आले. खाण थांबली म्हणजे पाण्याची हानीही थांबेल असे वाटते, पण खड्डा भरत गेला आणि त्या तळ्याचा सामू (पाण्याच्या आम्लतेचे माप; ७ पेक्षा जितका खाली तितके आम्ल जास्त) २.५ च्या आसपास उतरला. १९९५ साली त्यावर उतरलेले स्नो गूज जातीचे ३४२ पक्षी मेले.

याचे मूळ पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात आहे. तांब्याच्या धातुकासोबत ते बहुधा असतेच. खडकाच्या पोटात ते निरुपद्रवी असते. खडक फोडल्यावर हवा आणि पाणी लागून त्यापासून गंधकाम्ल व विरघळलेले लोह तयार होते. पाणी पुरेसे आम्लधर्मी झाले की काही जीवाणू त्यातल्या फेरस लोहाचे फेरिक लोह करतात, आणि हे फेरिक लोह उरलेल्या पायराइटवर प्राणवायूपेक्षाही झपाट्याने तुटून पडते. अशा रीतीने वाढत जाणारे आम्ल खडकांतले तांबे, जस्त आणि कॅडमियम विरघळवून घेते.

आमच्या नाशिककडच्या द्राक्षबागाईतदारांना पुढचा भाग समजावून सांगावा लागणार नाही. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, तयार करताना ते लोखंडी विळ्याचे पाते त्यात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर विरघळलेले तांबे अजून शिल्लक आहे असे ओळखून, पाने करपू नयेत म्हणून आणखी चुना घालतात. ब्यूटमध्ये खाणीचे पाणी भंगार लोखंडावरून सोडून त्यातले तांबे याच क्रियेने काढत असत, आणि २००३ साली उभारलेल्या शुद्धीकरण केंद्रातही सामू चढवून धातू साक्यात बसवण्याचे काम चुनाच करतो.

मला मात्र खड्ड्यापेक्षा नदीची अधिक काळजी वाटते. १९०८ च्या महापुराने खाणींचा टाकाऊ गाळ सिल्व्हर बो ओढ्यातून क्लार्क फोर्क नदीच्या काठांवर दूरवर पसरवला. कोरड्या दिवसांत या गाळातला ओलावा वर चढून सुकतो आणि जमिनीवर निळसर-हिरवे क्षार फुलून येतात. त्यांत तांब्याचे सल्फेट, म्हणजे आपले मोरचूद असते. उन्हाळ्यातल्या गडगडाटी पावसाची एक जोरदार सर ते नदीत लोटते, आणि १९८० च्या दशकात अशा सरींनंतर ट्राउट मासे मोठ्या संख्येने मेले. विरघळलेले तांबे कल्ल्यांवर बसून माशाला पाण्यातले सोडियम घेऊ देत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम ती जागा काही अंशी अडवून ठेवते, पण पावसाचे पाणी मृदू असल्यामुळे तांबे वाढते त्याच वेळी हे संरक्षणही घटते.

त्यामुळे ठरावीक तारखांना घेतलेल्या नमुन्यांवरून अशी नदी सुरक्षित ठरवणे मला मुळीच पटत नाही. नमुना कोरड्या काळानंतरच्या पहिल्या सरीत घ्यायला हवा, आणि तांब्याच्या आकड्याशेजारी त्या घटकेचा सामू व पाण्याचा जडपणाही नोंदवायला हवा.