नाव खोडलं, वय राहिलं

माहिती अधिकाराचा अर्ज आला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, सुवाच्य अक्षर. तालुक्यातल्या क्षयरुग्णांची गाववार यादी हवी होती. वय, लिंग, निदानाची तारीख आणि निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात कधी पडले ती तारीख. २०१८ला सुरू झालेल्या या योजनेत तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे.

साहेब म्हणाले, "नावं खोडा आणि झेरॉक्स द्या."

मी मार्कर घेऊन बसले. कागद उजेडाकडे धरला तर शाईखालचं नाव वाचता येत होतं, म्हणून खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढली. २०१२पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवावा लागतो, त्यामुळे सरकारी दवाखान्याची पायरी कधीच न चढलेली माणसंही यादीत होती. तिसऱ्या पानावर एका छोट्या वाडीचं नाव होतं, पुढे 'स्त्री, १९'. रिपोर्ट द्यायला आलेल्या आशाताईंची नजर तिथे गेली.

"मॅडम, हिचं लग्न ठरलंय हो."

नाव तर मी झाकलं होतं!

साहेबांना सांगितलं. "मग कलम ८ लावा, खासगी माहिती म्हणून नाकारून टाका." खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. कारण पैशांच्या तारखांचा रकाना मी बघितला होता. उपचार साधारण सहा महिन्यांचा, आणि बऱ्याच जणांचा पहिला हप्ता गोळ्या संपल्यावर आलेला. कुणाचं खातंच नाही, कुणाचं आधारला जोडलेलं नाही. अर्ज नाकारला असता तर त्या मुलीबरोबर आम्हीही झाकले गेलो असतो.

अर्जदारांना बोलावून घेतलं. सायकलवर आले. म्हणाले, "मला नावं नकोत ओ. उशीर हवाय."

मग वय, लिंग, गाव काढून टाकलं. प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय रुग्ण किती आणि निदानापासून पहिल्या हप्त्यापर्यंत दिवस किती, एवढाच तक्ता केला. जिथे पाचपेक्षा कमी रुग्ण, ते केंद्र शेजारच्यात मिळवलं. यावर ते अडले. "रुग्ण कमी तिथेच तर कुणी फिरकत नाही. मिसळलंत की तिथला उशीर दिसणारच नाही."

बरोबर होतं त्यांचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तक्त्याखाली एक ओळ वाढवली: तालुक्यातला सर्वांत मोठा उशीर, दिवसांत. ठिकाण लिहिलं नाही.

साहेबांनी सही करण्याआधी ती ओळ दोनदा वाचली. आकडा तीन अंकी होता.

"हे मागितलंय का त्यांनी?"

"हो साहेब."